पाकिटाची मागची बाजू

आपल्या भागातला खाण्याचा कोणता ब्रँड सर्वांत आवडतो, हा प्रश्न निघाला की मराठी माणूस गप्प बसत नाही, आणि बसूही नये. पुण्याकडून चितळ्यांची बाकरवडी आणि कयानींची श्रूजबेरी बिस्किटे पुढे येतात, नागपूरकडून संत्रा बर्फी, साताऱ्याहून कंदी पेढे, सांगली-जयसिंगपूरहून भडंग, लोणावळ्याहून चिक्की, पाचगणीहून मॅप्रोची सरबते, गिरगावातून बेडेकरांची लोणची, कोकणातून कोकमाचे आगळ आणि फणसपोळी. यादी इतकी भरगच्च, पण तिच्यावरची चर्चा मात्र तीनच वाक्यांत अडकते. 'आपल्या माणसाचा ब्रँड आहे, आपणच उचलून धरला पाहिजे' हे पहिले. 'पूर्वीची चव राहिली नाही' हे दुसरे. आणि 'बाजारचे सगळे भेसळीचे, घरगुतीच घ्या' हे तिसरे. तिन्हींत थोडेफार तथ्य आहे, पण तिन्ही वाक्ये पदार्थाकडे न बघता बोलली जातात, हे माझे गाऱ्हाणे आहे.

माझे म्हणणे असे की स्थानिक ब्रँडवर प्रेम जरूर करावे, चार पैसे जास्त मोजून करावे; पण ते मालकाच्या आडनावावर किंवा पाकिटावर छापलेल्या गावाच्या नावावर करू नये. पाकीट उलटे करावे. माल कुठला, कसा बनवला, कोणी बनवला आणि त्यातून आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या, गवळ्याच्या, कामगार बाईच्या पदरात काय पडते, हे बघून प्रेम करावे. जो ब्रँड हे सांगायला तयार नाही, तो कितीही आपला असला तरी त्याला सवलत देऊ नये. आणि जो सांगतो, त्याच्याकडून अशक्य गोष्टी मागू नयेत.

पहिले वाक्य घेऊ. 'आपला' म्हणजे नेमका कोणाचा? कयानी इराणी. संत्रा बर्फीचे खोके देशभर पोहोचवणारे हल्दीराम मूळचे बिकानेरचे. 'प्रवीण मसालेवाले' ही पेढी १९६२ मध्ये पुण्यात हुकमीचंद चोरडियांनी उभी केली. लिज्जत पापडाची सुरुवात १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली. पार्लेचा कारखाना १९२९ मध्ये विलेपार्ल्यात निघाला आणि त्या उपनगराचेच नाव त्याने जगभर नेले. तरी महाराष्ट्राचा आवडता ब्रँड विचारला तर पार्ले-जीचे नाव कितीजण घेतात? फारसे कोणी नाही, कारण तो आता सगळ्यांचा झाला. म्हणजे ब्रँड मोठा झाला की तो आपला राहत नाही, आणि मालक बाहेरून आलेला असला तर तो आधीपासूनच आपला नव्हता, असा हा हिशेब. मग उरते काय? आडनाव. आडनाव बघून बाकरवडी खाणारा माणूस बाकरवडीचा चाहता नव्हे.

मालाकडे गेलो तर हा हिशेब आणखी विस्कटतो. 'अस्सल कोल्हापुरी' कांदा-लसूण मसाल्याचा लाल रंग येतो तो बहुधा ब्याडगी मिरचीतून, आणि ब्याडगी हे गाव कर्नाटकात, हावेरी जिल्ह्यात. तिखटपणासाठी गुंटूरकडची मिरची, संकेश्वरी किंवा लवंगी पडते, संकेश्वरही कर्नाटकातच. हिंग तर अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो, त्याला इलाज नाही. लिज्जतच्या पापडाला लागणारा उडीद म्यानमारहून आणला जातो. यात लाजण्यासारखे काही नाही. मसाला कोल्हापुरी होतो तो भाजणीमुळे, कांदा-लसणाच्या प्रमाणामुळे, डंकावर कुटल्यामुळे. पण मग हेच पाकिटावर लिहायला काय हरकत आहे? 'ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, कोल्हापुरात कुटलेली' असे लिहिल्याने मसाल्याची किंमत कमी होत नाही. उलट गिऱ्हाइकाला पहिल्यांदा काहीतरी कळते.

आता 'आपला ब्रँड' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा, आणि तो मी मनापासून मान्य करतो: पैसा आपल्या भागात राहतो. भिलवडीत १९३९ मध्ये भास्कर गणेश चितळ्यांनी दुधाचा धंदा मांडला, तेव्हापासून कृष्णाकाठच्या किती गोठ्यांना त्याने आधार दिला असेल, ते सांगलीकरांना सांगायला नको. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात दूध संघ निघाला, पुढे तो 'गोकुळ' म्हणून घराघरांत गेला. वारणेला तात्यासाहेब कोऱ्यांनी सहकारातून अख्खे खोरे बदलून टाकले. पश्चिम महाराष्ट्रात दर दहा दिवसांनी मिळणारे दूधबिल हा हजारो घरांचा खरा पगार आहे. सहकारात राजकारण आहे, निवडणुकांचा धुरळा आहे; तरीही दूध घालणाऱ्याला मत आहे आणि फॅटप्रमाणे दर मागायचा हक्क आहे. कोणी श्रीखंडाचा डबा घेताना हा विचार करत असेल, तर ती अस्मिता नव्हे, ते शहाणपण आहे.

पण नेमक्या याच कारणासाठी आडनावाचे प्रेम पुरत नाही. पैसा भागात राहतो तो माल भागातून घेतला तर. कोकणच्या नावाची सरबते विकणाऱ्याने फळाचा अर्क, रंग आणि साखर बाहेरून आणून फक्त बाटली कोकणात भरली, तर रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाखाली वेचणी करणाऱ्या बाईला काय मिळाले? स्वदेशीच्या चळवळीत हाच धडा आपण एकदा शिकलो होतो. १९०५ नंतर बहिष्काराने देशी कापडाला मागणी आली, तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांनी भाव चढवले आणि त्यांच्यावर तेव्हाच टीका झाली. देशभक्ती गिऱ्हाइकाने दाखवायची आणि नफा मालकाने घ्यायचा, असा तो सौदा होता. त्याच काळाच्या आसपासची दुसरी उदाहरणे बघा. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्ये निघाला, शेतकऱ्यांनी तो लगेच उचलला नाही. चालतो हे शेतात दिसल्यावरच घेतला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील परदेशी कंदिलासमोर टिकला, कारण त्याची काच आणि ज्योत त्या तोडीची होती. देशी म्हणून एकदा घेतले जाते, चांगले म्हणून दुसऱ्यांदा घेतले जाते. खाण्याच्या ब्रँडला दुसऱ्यांदाचे गिऱ्हाईकच जगवते.

दुसरे वाक्य चवीचे, आणि त्यावर जरा थांबायला हवे, कारण इथे तक्रार खरी असते पण कारण चुकीचे दिले जाते. 'मालक लोभी झाले' हे उत्तर झटकन सुचते. लोभ असेलही. पण चव बदलण्याची पहिली कारणे कारखान्याच्या कामातच असतात, आणि ती समजली तरच तक्रार नेमकी करता येते.

गोडा मसाला घ्या. घरच्या प्रमाणात अर्धा किलो धण्याला पाव किलोच्या आसपास सुके खोबरे आणि त्याच्या निम्मे तीळ पडतात. दगडफूल, नागकेशर, लवंग, दालचिनी, तमालपत्र, शहाजिरे वेगळे. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असते, तिळात साधारण निम्मे. भाजून कुटले की ते तेल सुटते, प्रत्येक कणावर पसरते आणि त्याला हवा लागायला लागते. घरात काचेच्या बरणीत घट्ट दाबून भरलेला मसाला बराच काळ तग धरतो. तोच साध्या प्लास्टिकच्या पाकिटात, दुकानाच्या उन्हातल्या फळीवर, तीन-चार महिन्यांत खवट होतो. कारखानदारापुढे दोन वाटा असतात. हवा आणि ओल अडवणारे अनेक थरांचे पाकीट वापरायचे, त्यात नायट्रोजन भरायचा, पाकिटे छोटी काढायची. याला पैसे लागतात. नाहीतर खोबरे आणि तीळ कमी करून धणे वाढवायचे. बहुतेकांनी दुसरी वाट धरली. आमटीत तो मसाला टाकल्यावर 'काहीतरी कमी आहे' असे जे वाटते, ते हेच खोबरे आणि तीळ.

हे ओळखायला जिभेचीही गरज नाही. पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, असा नियम आहे. धण्यानंतर लगेच खोबरे आणि तीळ असतील तर मसाला परंपरेच्या जवळ आहे. मीठ तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असेल तर मसाल्याच्या भावाने तुम्ही मीठ विकत घेत आहात. खोबरे यादीच्या शेपटीला असेल तर त्या गोड्या मसाल्याचा गोडपणा फक्त नावात आहे. गोड्या मसाल्यावरून दोन घरांत वाद रंगतात, पण ही यादी वाचून वाद घालणारे मला फार थोडे दिसतात.

लोणच्याचेही तसेच. कैरीचा हंगाम काही आठवड्यांचा आणि लोणचे विकायचे बारा महिने. म्हणून कारखान्यात फोडी हंगामात मोठ्या पिंपांत खारवून ठेवतात. मिठाचे प्रमाण इतके जास्त असते की त्यात जंतू वाढत नाहीत. पुढे लागेल तशा फोडी काढायच्या, धुऊन जादा मीठ घालवायचे, मग मसाला आणि तेल. त्या धुण्यात मिठाबरोबर कैरीचा आंबटपणा आणि वासही निघून जातो. तो भरून काढायला ॲसिटिक आम्ल किंवा सायट्रिक आम्ल घालतात. पाकिटावर ते २६० आणि ३३० या क्रमांकांनी दिसते. बाजारच्या लोणच्याची जी एकसुरी, टोचणारी आंबट चव लागते, ती इथून येते. फोडी मऊ पडतात त्याही खारवण्यातच, विशेषतः कोय धरायच्या आधी घेतलेल्या कोवळ्या कैरीच्या. हे टाळता येते का? काही प्रमाणात येते: हंगामात ताज्या फोडींचे लोणचे घालून त्याचा वेगळा, महाग माल विकायचा. काही छोटे उद्योग तसे करतात. पण त्याची किंमत बघितली की 'स्वतःला काय समजतात' अशी प्रतिक्रिया येते. मग ताजी फोड हवी कोणाला होती?

'प्रिझर्वेटिव्ह कशाला घालता' हा प्रश्न याच्याच पोटातला. घरच्या लोणच्यात एक किलो कैरीला दोनशे-अडीचशे ग्रॅम मीठ आणि वर चार बोटे तेल असते. तेच तिथले प्रिझर्वेटिव्ह. आता गिऱ्हाइकाला मीठ कमी हवे, तेल कमी हवे, तरी बरणी उघडून सहा महिने उघड्यावर ठेवली तर बुरशी नको. मीठ आणि तेल काढून घेतल्यावर त्यांचे काम कोणीतरी करायलाच हवे. ते सोडियम बेन्झोएट करते, म्हणजे क्रमांक २११. ते आंबट पदार्थातच नीट काम करते आणि मर्यादेत घातले तर कायद्याला मान्य आहे. ते नको असेल तर खारट, तेलकट लोणचे आनंदाने खा आणि चमचा कोरडा ठेवा. तिसरी सोय नाही.

बाकरवडीवर तर प्रबंध लिहिता येईल. पारी बेसन-मैद्याची, मोहन घातलेली. आत खोबरे, तीळ, खसखस, धणे-बडीशेप, साखर आणि चिंचेचा आंबटपणा. सगळी कला तळणीत आहे. तेल फार तापलेले असेल तर पारी पटकन लाल होते, रंग बघून वडी बाहेर काढली जाते आणि आतल्या वळ्यात ओल राहते. ती ओल पुढच्या दोन-तीन दिवसांत बाहेरच्या पारीत सरकते आणि कुरकुरीत वडी चिवट होते. म्हणून आच मध्यम ठेवून वेळ द्यावा लागतो. पूर्ण कोरडी झालेली वडी जंतूंमुळे बिघडत नाही. ती बिघडते तेल खवटल्यामुळे. इथेच तेलाच्या निवडीचा प्रश्न येतो. शेंगदाणा तेलाचा वास आपल्याला हवा असतो, पण पामोलिन त्याच्यापेक्षा उशिरा खवटते आणि स्वस्तही पडते. ज्याला माल दुबईपर्यंत पाठवायचा आहे तो पामोलिनकडे वळतो, त्यात तांत्रिक कारण आहे हे मान्य करायला हवे. पण जो शेंगदाणा तेलाची आठवण विकतो आणि तळतो पामोलिनमध्ये, त्याला जाब विचारायला हवा. कोणते तेल ते पाकिटावर नावानिशी लिहिणे बंधनकारक आहे. वाचायला एक क्षण लागतो.

म्हणजे चवीची तक्रार करणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. बाकरवडी चार महिने टिकायला हवी, अमेरिकेतल्या भाच्याला पाठवता यायला हवी, गल्लीतल्या दुकानात मिळायला हवी, भाव वाढायला नको आणि चव तीच हवी: या पाच मागण्यांतली कोणती सोडायला आपण तयार आहोत? चव बदलली यात ब्रँडचा दोष असतो. पण चव सोडून बाकी चारही मागण्या आपण वर्षानुवर्षे पैसे देऊन पुऱ्या करून घेतल्या, यात आपला वाटा मोठा आहे.

तिसरे वाक्य घरगुतीचे. बचत गटाच्या बायका, गल्लीतल्या काकू, गावाकडची मावशी यांचा माल ताजा असतो, प्रमाणात हात आखडता नसतो, पैसा थेट बाईच्या हातात जातो. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गावोगावच्या गटांचा माल बघितला की हे पटते. पण 'घरगुती' या शब्दाला आपण शुद्धतेचा दाखला मानून बसलो आहोत, आणि ते धोक्याचे आहे. शेंगदाण्याचे उदाहरण पुरे आहे. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर जी बुरशी येते तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन तयार होते, आणि ते भाजल्याने पुरते जात नाही. चिक्की, शेंगदाण्याची चटणी, कूट यांत ते उतरते. मोठा कारखाना दाण्यांची तपासणी करून घेऊ शकतो. घरी करणारी बाई काळपट, सुरकुतलेले दाणे हाताने निवडते, आणि ती निवड नीट असेल तर तीही खूप काम करते. प्रश्न घर की कारखाना हा नाही. दाणे निवडले का, हा आहे.

शिवाय कायद्याने घरातून विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. चौदा अंकी क्रमांक असतो. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या उद्योगाची नोंदणी. हा क्रमांक चवीची हमी देत नाही, पण काही बिघडले तर दार कोणाचे ठोठवायचे ते सांगतो. पिशवीवर तारीख नाही, पत्ता नाही, फक्त 'घरगुती' आणि फुलांचे चित्र, असा माल प्रेमाने घेणे म्हणजे त्या बाईला मदत नव्हे. तिला तारीख छापायला सांगा, तेवढ्यासाठी दहा रुपये जास्त द्या. पुढच्या वर्षी ती मोठ्या दुकानात उभी राहू शकेल. लिज्जतने नेमके हेच केले. पीठ केंद्रात एकाच प्रमाणाने मळायचे, भगिनींनी ते घरी नेऊन लाटायचे, वाळवलेला पापड परत आणायचा, तो तपासून मगच घ्यायचा. घरगुती हात आणि कारखान्याची शिस्त यांत भांडण लावायची गरज नसते, हे गिरगावातल्या गच्चीवर सुरू झालेल्या संस्थेने दाखवून दिले आहे.

आणि आता गूळ. या सगळ्या वादात गिऱ्हाईक कसे स्वतःच्या हाताने चांगला माल मारते, हे बघायचे असेल तर कोल्हापुरी गुळासारखे उदाहरण नाही. उसाचा रस काहिलीत उकळायला लागला की त्यात चुना घालतात, रानभेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर आणून काढून टाकतात, आणि पाक साधारण ११८ अंशांपर्यंत चढला की गुळव्या हाताने तपासून काहील उतरवतो. इथे घाई झाली तर गूळ मऊ राहून पावसाळ्यात पाणी सोडतो. उशीर झाला तर करपट होतो. असा गूळ तांबूस-तपकिरी होतो, कारण रसातली साखर आणि इतर द्रव्ये उष्णतेने रंग धरतात. पण बाजारात सौदा रंगावर होतो. पिवळाधमक गूळ जास्त भावाने जातो. मग काहिलीत सोडियम हायड्रोसल्फाइट पडते, ज्याला गुऱ्हाळावर नुसते 'हायड्रो' म्हणतात. ती पावडर रंग उडवते आणि गंधकाचा अंश मागे ठेवते. हवा लागली की तोच पिवळा गूळ काही दिवसांत पुन्हा काळवंडू लागतो. काहीजण रसात साखर मिसळतात, तीही रंगासाठी आणि कणीसाठी.

यात गुन्हेगार कोण? गुऱ्हाळवाल्याला दोष देणे सोपे आहे. पण ज्याने बिनरसायनाची काळसर ढेप सौद्याला आणली त्याला कमी भाव मिळाला, आणि तो भाव शहरातल्या गिऱ्हाइकाने दुकानात 'हा काळा गूळ नको, तो पिवळा द्या' असे सांगून ठरवला. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाचा अभिमान आणि पिवळ्या रंगाचा हट्ट एकाच पिशवीत घालून आपण घरी आणतो. गेली काही वर्षे काळ्या गुळाला 'सेंद्रिय' म्हणून भाव येऊ लागला, तर आता मुद्दाम जास्त आटवून काळा केलेला गूळही दिसतो. रंग बघून घेणाऱ्याला रंगच विकला जातो.

मानांकनाचा मुद्दा आला म्हणून: तोही आपण चुकीचा समजतो. हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि ठाणे हे त्याचे जिल्हे. वायगावची हळद, भिवापूरची मिरची, सांगलीचे बेदाणे, मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हे सगळे त्या यादीत आहेत. मानांकन म्हणजे नावाचे कुंपण: ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येते. ते चव तपासत नाही, आणि कुंपण कोणी राखले नाही तर आतबाहेर सारखेच. कर्नाटकातला आंबा 'देवगड हापूस' छापलेल्या पेटीत भरून पुण्या-मुंबईत विकला जातो, हे सर्वांना माहीत आहे. त्यावर देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर क्रमांकाचे स्टिकर लावायचे ठरवले, म्हणजे गिऱ्हाइकाला फळाचे मूळ तपासता यावे. माझ्या मते अलीकडच्या काळातले स्थानिक ब्रँडच्या बाजूने झालेले हे सर्वांत शहाणे काम आहे. त्यात भावनेला आवाहन नाही, पुरावा आहे.

'मोठ्या कंपन्या आपले ब्रँड गिळतात, म्हणून डोळे मिटून पाठीशी उभे राहा' असाही एक युक्तिवाद असतो, आणि त्यामागची भीती खोटी नाही. १९९३ मध्ये कोका-कोलाने पार्लेची पेये विकत घेतली. गोल्ड स्पॉट फँटासाठी जागा करून देत बाजारातून गेले. मुंबईचे ड्यूक्स १९९४ मध्ये पेप्सीकडे गेले. पण कोका-कोलाच्या त्याच खरेदीतले थम्स अप मात्र मरेना, कारण लोकांना कोका-कोला नको होता, थम्स अपचीच तिखट, झणझणीत चव हवी होती, आणि नव्या मालकाला ती पुरवावी लागली. गोल्ड स्पॉटवर लोकांचे प्रेम कमी होते का? नव्हते. पण त्याच्या जागी दुसरे नारिंगी पेय चालले. ज्या पदार्थाला तोड नाही तो मालक बदलला तरी टिकतो, ज्याला पर्याय चालतो तो मालक तोच असला तरी धोक्यात असतो. चवीबद्दल काटेकोर असणे हेच संरक्षण आहे. सवलत देणे हे नव्हे.

यावर शेवटचा आक्षेप असा येतो की पाकीट वाचणे हे वेळ आणि चष्मा असलेल्यांचे काम आहे, आणि पाकिटावर सगळे कुठे लिहिलेले असते? दुधाला काय दर दिला, पापड लाटणाऱ्या बाईला काय मिळाले, हे त्यावर नसते. मान्य. म्हणून तर जे असते तेवढे तरी वाचू या. 'उत्पादक' आणि 'विक्रेता' हे दोन पत्ते वेगळे असतील तर तुमचा गावचा ब्रँड दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात बनतो आहे का हे तिथेच कळते. क्रशच्या बाटलीत नियमाने फळ निदान पाव भाग हवे. बाकी मुख्यत्वे साखर आणि पाणी, आणि ते घटकांच्या पहिल्या ओळीतच दिसते. कोकमाच्या आगळात रंग घातला असेल तर त्याचा क्रमांक छापावा लागतो. आणि छापला नसला तरी कोकमाचा नैसर्गिक लाल रंग महिन्यांगणिक तपकिरीकडे झुकतो, त्यामुळे वर्षभर गुलाबी राहिलेल्या बाटलीबद्दल शंका घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. एकाने वाचून दुकानदाराला विचारले की दुकानदार वितरकाला विचारतो. वीसजणांनी विचारले की ते कारखान्यापर्यंत पोहोचते. पूर्वी वाण्याला 'मिरची कुठली?' असे विचारल्याशिवाय आपल्या आज्या पायली भरून घेत नसत. तो प्रश्न बंद पाकीट आल्यावर आपण विचारायचा सोडला.

तो परत विचारायची जागा मसाल्याचा हंगाम ही आहे. नवी मिरची माघ-फाल्गुनात बाजारात येते, चैत्र-वैशाखाच्या उन्हात कडक वाळते, आणि तेव्हा कुटलेल्या मसाल्याचा रंग आणि तिखटपणा वर्षभर टिकतो. आषाढात, ओल्या हवेत दळलेल्या पुडीचे गोळे होतात आणि तिच्यात बुरशी धरायची शक्यता वाढते. आज पाकिटावर भरल्याची तारीख असते, दळल्याची नसते. साठवलेली जुनी मिरची भाद्रपदात दळून भरली तरी पाकीट ताजेच दिसते. महाराष्ट्रातल्या मसालेवाल्यांकडे माझी साधी मागणी आहे. मिरचीची जात, ती कुठल्या बाजारातून घेतली ते गाव, आणि कुटल्याचा महिना, या तीन गोष्टी पाकिटाच्या मागे छापा. कायदा तुमच्याकडून हे मागत नाही. जो पहिला छापेल त्याचे आडनाव काय आणि तो मुळात कुठला, हे विचारायचे कारण नाही. त्याचा मसाला पाच-दहा रुपये महाग असला तरी तोच घ्यावा.